परसातला हौद रोज दोन बोटं उतरतोय, बॉल कॉक बसवू का?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि त्यांनी परसात माशांसाठी हौद बांधून घेतला. १० बाय ६ फूट, अडीच फूट खोल, सिमेंटचा, मधे छोटं कारंजं. त्यात १४ गोल्डफिश, ४ कोई आणि गप्पी तर मोजायचेच नाहीत एवढे. मार्चपासून पाणी रोज दोन बोटं उतरतंय. मामा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून पाइप लावून बसतात. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं घालतात. गेल्या गुरुवारी रात्री नळ आला तेव्हा त्यांनी पाइप हौदात सोडला आणि त्यांचा डोळा लागला, सकाळी ६ गोल्डफिश उलटे. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मिस्टर म्हणतात बुजवून टाका, माणसांना प्यायला नाही आणि माशांना हौद कसला. प्लंबर म्हणतो ऑटोमॅटिक बॉल कॉक, म्हणजे पाणी उतरलं की आपोआप उघडणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, बसवून घ्या, कटकटच संपली. बसवू का? आणि उन्हानं एवढं पाणी खरंच जातं का हो? — एक सून

उत्तर:

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. नाही, उन्हानं एवढं पाणी जात नाही. तुमच्याकडचं ऊन मला माहितीये, एप्रिल-मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तरी पण नाही.

हिशोब सोपा आहे, मामांना दाखव, त्यांना आवडेल. एक चौरस मीटर पाण्यावरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे बरोब्बर एक लिटर गेलं. तुमचा हौद १० बाय ६ म्हणजे ६० चौरस फूट, मीटरमध्ये साधारण साडेपाच. कडक उन्हाळ्यात, वारा असताना, दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उडतं असं धर, म्हणजे एक सेंटिमीटर, म्हणजे फार तर ५५ लिटर. तीन बादल्या. आता तू लिहितेस दोन बोटं. आडवी दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर तरी झाले ना, ते होतात जवळजवळ २०० लिटर. मग मधले १४० लिटर गेले कुठे? ते काही आभाळात गेले नाहीत. ते खाली, नाहीतर बाजूला गेलेत आणि बहुतेक तुमच्या कढीपत्त्याला किंवा शेजाऱ्यांच्या नारळाला मिळतायत.

म्हणून म्हणते बॉल कॉक आत्ता बसवू नकोस. बॉल कॉक बसवला की पाणी कधी उतरलेलं दिसणारच नाही, गळती तशीच राहील, फक्त दिसायची बंद होईल, आणि वर्षभरानं हौदाच्या कडेची फरशी खचली की मग सगळे म्हणणार अरे हे काय झालं. शिवाय तुमच्याकडे नळ आला की कॉक आपोआप उघडणार आणि कच्चं क्लोरीनचं पाणी थेट माशांच्या अंगावर, तेही मध्यरात्री, कोणी बघायला नसताना. म्हणजे गुरुवारी जे चुकून झालं ते तू दर चार दिवसांनी मशीनकडून करून घेणार. प्लंबरदादांचं चूक नाही, त्यांच्या डोळ्यासमोर गच्चीवरची टाकी असते, त्या टाकीत कोणी राहत नाही.

तर आधी गळती आहे का ते बघायचं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. बादलीची टेस्ट. एक साधी बादली घे, हौदात दोन-तीन विटा रचून त्याच्यावर ती उभी कर, आत एक दगड टाक म्हणजे कलंडणार नाही, आणि बादलीत तेवढंच पाणी भर की आतली पातळी आणि बाहेरच्या हौदाची पातळी एकसारखी येईल. बादलीला आतून मार्करनं खूण, हौदाच्या भिंतीला बाहेरच्या पातळीवर खूण. कारंजं बंद ठेवायचं. त्या दिवशी हौदात पाणी घालायचं नाही, थेंबभर पण नाही, हे मामांना दहा वेळा सांगावं लागेल. २४ तासांनी दोन्ही खुणांपासून पाणी किती खाली गेलं ते पट्टीनं मोज. ऊन दोघांना सारखं, वारा दोघांना सारखा, त्यामुळे बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाचं, आणि हौदात त्याच्यापेक्षा जास्त जे काही कमी झालं ते गळतीचं. बादली बाहेर अंगणात ठेवायची नाही हां, ती तापते आणि आकडा चुकतो, हौदातच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी हीच टेस्ट कारंजं चालू ठेवून करायची, फक्त बादली अशा कोपऱ्यात ठेव की तुषार आत पडणार नाहीत. कारंजं बंद असताना दोन्ही सारखं उतरलं आणि चालू असताना हौद जास्त उतरला, तर दोष हौदाचा नाहीच, पाइपच्या जॉइंटचा आहे किंवा वाऱ्यानं तुषार हौदाबाहेर पडतायत. हे खूप घरी असतं आणि लोक हौद फोडून बसतात. तुमच्याकडे दुपारनंतर वारा सुटतो, कारंज्याची धार उंच असेल तर रोजच्या दोन-तीन बादल्या नुसत्या उडून जातात. धार वीतभर ठेवायची, बास.

(कारंज्यावरून आठवलं. बहुतेक घरी कारंजं दिवसा लावतात कारण दिवसा पाहुणे येतात, आणि रात्री बंद करतात. माशांच्या दृष्टीनं हे अगदी उलटं आहे. दिवसा शेवाळं आणि पाणवनस्पती ऑक्सिजन देत असतात, रात्री त्याच वनस्पती तो ओढतात, त्यामुळे पहाटे पाण्यात हवा सगळ्यात कमी असते. त्यात पाणी गरम असलं की ते मुळातच हवा कमी धरतं, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तिथे ३० अंशाला साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात कारंजं रात्री चालू आणि दुपारी बंद, म्हणजे हवा पण मिळते आणि पाणी पण कमी उडतं. फिल्टर वेगळा असेल तर तो मात्र चोवीस तास चालू राहू दे.)

समजा गळती निघालीच, आणि माझ्या मते निघणार. मग पाणी उतरू द्यायचं आणि बघत बसायचं. पाणी जिथे येऊन थांबेल, म्हणजे रोज फक्त बादलीएवढंच उतरायला लागेल, ती पातळी हेच भोकाचं ठिकाण. त्या रेषेवर भिंतीला चारी बाजूंनी बोट फिरवून बघ. सिमेंटच्या हौदात वरच्या कडेला उन्हानं बारीक केसासारख्या भेगा पडतात, त्या निघाल्या तर नशीब समज. पाणी थांबलंच नाही तर मग तळ, किंवा भिंत आणि तळाचा कोपरा, किंवा ड्रेनचा पाइप जिथून बाहेर काढलाय ती जागा. संशय असेल तिथे पाणी शांत असताना खायच्या रंगाचं पाणी इंजेक्शनच्या सिरिंजमधून हळूच सोड, भेग असेल तर रंग तिच्यात ओढला जाताना दिसतो. पण मासे आत असताना दीड फुटाच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण कमी पाणी लवकर तापतं आणि वर खंड्या आणि वंचक बगळे बसलेलेच असतात. मांजरीचं तर विचारूच नको.

दुरुस्तीला गवंडी बोलावलास तर त्याला दोन गोष्टी निक्षून सांग. डांबर लावायचं नाही आणि ऑइल पेंट मारायचा नाही. गावाकडे टाकी गळली की डांबर हा पहिला उपाय असतो, पण माशांना ते विष आहे. भेग व्ही आकारात खोदून वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेलं सिमेंट भरायचं, आणि नंतर लगेच मासे सोडायचे नाहीत. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच १० च्या वर जातो, मासे तडफडतात. भर, चार-पाच दिवस ठेव, सोडून दे, परत भर, असं तीन-चार वेळा करायचं आणि पीएच स्ट्रिपनं साडेआठच्या खाली आलाय हे बघूनच मासे सोडायचे. ते सोडलेलं पाणी गटारात घालवू नका, पण नाजूक कुंड्यांना पण नको, मोठ्या झाडांच्या आळ्यात थोडं थोडं.

एवढा खटाटोप नको असेल, किंवा भेगा फार असतील, तर तुमच्या भागात एक गोष्ट सहज मिळते, शेततळ्याचा कागद. ५०० मायक्रॉनचा असतो तो. ओळखीच्या कोणाच्या शेततळ्यातला कापून उरलेला तुकडा मिळाला तर तुझ्या हौदाला पुरेल. साधारण १६ बाय १२ फुटांचा तुकडा लागेल, आत खाली उतरून वर येऊन कडेला अर्धा फूट राहायला हवा. त्याखाली जुनी चादर नाहीतर गोणपाट अंथरायचं म्हणजे खडा टोचणार नाही. आणि कागदाच्या कडा वर वळवून दगडाखाली दाबायच्या, कडेची माती किंवा काथ्या पाण्याला टेकला तर वातीसारखं पाणी ओढलं जातं, मग परत तुम्ही म्हणणार गळतंय.

हे काम चालू असताना मासे कुठे ठेवायचे, तर २०० लिटरच्या पिंपात, दोन पिंपं असतील तर बरं, सावलीत, हौदातलंच पाणी भरून, वर जाळी बांधून, एअर पंप लावून. खायला अगदी कमी. चार-पाच दिवस मासे उपाशी राहिले तरी काही होत नाही पण खाणं कुजलं तर होतं. नव्या सिमेंटचं काम केलंत तर मात्र दोन-तीन आठवडे जातील, तेव्हा कोईंना पिंपात कोंडू नका, कोणाकडे टाकी असेल तर तिथे ठेवा. आणि म्हणूनच मी कागदाच्या बाजूनं आहे.

आता गुरुवारचं. मला वाटतं मामा अजून स्वतःला दोष देत असतील म्हणून हे नीट सांगते, तू त्यांना वाचून दाखव.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आपल्याकडे टीसीएल पावडर म्हणतात तीच. शेवटच्या घराच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा असा नियम आहे, गावात ओटी टेस्ट करून पाणी पिवळं होतं का बघतात ना, ते त्याच्यासाठी. म्हणजे शेवटच्या घरी ०.२ हवा तर टाकीजवळच्या घरी तो जास्तच असणार. आपण ते पाणी पितो, पोटात जातं, काही होत नाही. मासा ते पीत नाही, त्यातून श्वास घेतो. क्लोरीन थेट कल्ल्यांना लागतो आणि कल्ले भाजतात. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला म्हणून आपण अजून नळाचं पाणी सोडतो. अजून वाईट.

मग इतके दिवस काही झालं नाही ते कसं? तर हौदात तुझ्या मापानं चार हजार लिटरच्या आसपास पाणी आहे. रोजचे २०० लिटर त्यात मिसळले की विसाव्या भागाचंच पाणी नवीन, क्लोरीन पातळ होऊन जातो, शिवाय हौदातली घाण आणि शेवाळं त्यातला बराचसा खाऊन टाकतं. गुरुवारी मात्र समजा नळ तीन-चार तास चालला, अर्ध्या इंची नळाला मिनिटाला १० लिटर धरले तरी दोन हजार लिटरच्या आसपास झाले, म्हणजे अर्धा हौद बदलला गेला. जुनं पाणी कडेवरून वाहून गेलं आणि आत नवं राहिलं. त्यात दिवसभर तापलेल्या पाण्यात एकदम गार पाणी. मासे गेले ते याच्यामुळे. मामांनी पाइप रोजच लावला होता, त्या रात्री फक्त बंद करायचा राहिला.

दुसरी एक भानगड तुम्हाला अजून कळलेली नसेल ती म्हणजे पाइपचं तोंड. पाइप हौदात बुडवून ठेवलेला असतो आणि नळ जातो, तेव्हा लाइन रिकामी होताना ती उलटं पाणी ओढते. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. मी एकदा पाइप तसाच ठेवून झोपले आणि सकाळी हौद वीतभर खाली! मी पण आधी गळतीच शोधत बसले, मग लक्षात आलं की शेजारी कोणीतरी लाइनला मोटार लावली असणार आणि माझ्या माशांचं पाणी त्यांच्या टाकीत. कोणाला सांगायची पण सोय नाही. तर पाइपचं तोंड कायम पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर बांधायचं, पाण्यात बुडवायचंच नाही. धार वरून पडली की तिच्यात हवा पण मिसळते, बोअरच्या पाण्याला तर त्याची फारच गरज असते कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

आणि बोअर. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तुमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते तुमच्या बाथरूमच्या नळावरचे पांढरे थर बघून सांगता येईल. आता असं बघ, आमटी आटली की मीठ आटत नाही. पाणी गेलं, मीठ तेवढंच, म्हणून आटलेली आमटी खारट लागते. हौदात रोज तेच होतंय. उन्हानं नुसतं पाणी नेलं, क्षार मागे ठेवले, संध्याकाळी आपण परत क्षारांचं पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी परत नुसतं पाणी उडालं. पातळी रोज सारखी दिसते आणि आतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. त्यात माशांची घाण वेगळी, ती पण कुठे जात नाही, आणि पाण्याचा पीएच वाढला की तीच घाण, म्हणजे अमोनिया, जास्त विषारी होतो. गंमत म्हणजे तुमची गळती होती म्हणून थोडं जुनं पाणी बाहेर जात तरी होतं. गळती बुजवलीस की हे काम तुम्हाला हातानं करायला लागणार. नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, दर आठवड्याला तळाजवळचं ३००-४०० लिटर पाणी काढायचं आणि तेवढं चांगलं पाणी घालायचं. टंचाई असेल तर दोन आठवड्यांनी, आणि खाणं निम्मं करायचं.

हे काढलेलं पाणी म्हणजे सोनं आहे बरं का. हिरवट, वास येणारं, केळीला आणि कढीपत्त्याला घालून बघ.

आता भर घालायची कशी. एक निळं पिंप घ्या २०० लिटरचं, हौदाच्या कडेला चार विटांवर उंच ठेवा. नळ आला की मामांनी पाइप पिंपात सोडायचा, हौदात नाही. डोळा लागला तरी पिंप भरून अंगण ओलं होईल, मासे जिवंत राहतील. पिंपातलं पाणी एक-दोन दिवस उघड्यावर राहू दे, ऊन लागू दे, मधून मधून तांब्यानं वरखाली करा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते घाला, किंवा हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. २०० लिटरला तीन ग्रॅम म्हणजे भरपूर झालं, विरघळवून घालायचं. टँकरचं पाणी असेल तर हे चुकवू नका, टँकरमध्ये टीसीएल कधीकधी नुसत्या अंदाजानं टाकलेली असते, वासावरून कळतंच.

आणि पिंपाला वरून जुनी मच्छरदाणी नाहीतर धोतराचा कपडा घट्ट बांधायचा. हे मी का सांगतेय, तर आमच्या पिंपात आशाताईंना डासांच्या अळ्या सापडल्या होत्या. पाण्याबद्दल लोकांना सल्ले देणाऱ्या बाईच्या घरी डेंगीच्या अळ्या! चार बिल्डिंगांत गाजलं होतं. तुझ्या हौदात गप्पी आहेत त्यामुळे तिथे चिंता नाही, हिवताप विभागवाले गप्पी वाटतातच त्यासाठी, पण पिंपात गप्पी नसतात. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून घासायचं.

पिंपातून हौदात पाणी बादलीनं ओतण्यापेक्षा ठिबक लाव. तुमच्या भागात घरोघरी ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतात, त्यातला तासाला चार लिटरचा ड्रिपर घे. चार गुणिले चौदा तास म्हणजे ५६ लिटर, बरोब्बर उन्हानं नेलेलं पाणी! पिंपाच्या उंचीचा दाब कमी असतो त्यामुळे प्रत्यक्षात चारपेक्षा कमीच पडतं, म्हणून दोन-तीन ड्रिपर लाव आणि एक दिवस बरणी धरून मोज. ड्रिपर क्षारांनी चोंदतो, म्हणून मला स्वतःला सलाईनची नळी आवडते, नवी कोरी मेडिकलमध्ये मिळते, चाक फिरवलं की धार कमी-जास्त. थेंब थेंब पाणी गेलं की माशांना कळत पण नाही, ना गार ना गरम. पिंप सावलीत ठेव मात्र, क्लोरीन उडाल्यावर सावलीत, नाहीतर मेमध्ये दुपारी पिंपातून चहाचं पाणी यायचं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट सोडायचं नाही हेही याच कारणासाठी.

एसीचं पाणी, आरओचं टाकाऊ पाणी घालू का असं पुढच्या पत्रात विचारशील म्हणून आत्ताच सांगते, नको. आरओचं टाकाऊ पाणी तर बोअरपेक्षा जड, आणि एसीचं तांब्याच्या नळीवरून येतं. तांदूळ धुतलेलं पाणी पण नको, झाडाला घाला.

पाणी उडणं कमी करायचं तर हौदाच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली, दक्षिण-पश्चिमेकडून. वाऱ्याच्या बाजूला एखादा आडोसा. कमळाची किंवा कुमुदिनीची पानं असली तर उत्तम, पण जलपर्णी अजिबात आणू नकोस. दिसते छान, जांभळी फुलं येतात, पण ती पानांवाटे उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडवते, आणि महिन्याभरात हौद दिसायचा बंद होतो. रंकाळ्याला आणि पाषाण तलावाला तिनं काय केलं ते लोकांनी बघितलंय. आणि एक, पाणी वाचवायचं म्हणून हौद कमी भरून ठेवायचा असं मिस्टर म्हणतील, तर त्याचा काही उपयोग नाही. पाणी वरच्या पृष्ठभागावरून उडतं, खोली अडीच फूट असो नाहीतर दीड, उडणार तेवढंच. उलट कमी पाणी लवकर तापेल.

मिस्टरांचं म्हणणं मात्र मी झटकून टाकत नाही. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात रोज २०० लिटर जमिनीत जात असतील तर त्यांचा राग बरोबरच आहे. पण त्यांना असं सांग की गळती बंद झाली, शेडनेट लागली, की हौदाचा खरा खर्च रोजच्या दोन-तीन बादल्या. आठवड्याला बदलायचं पाणी धरायचं नाही, कारण ते झाडांना जातं आणि झाडांना तुम्ही नाहीतरी घालतच होतात. आता दोन बादल्या पण जड वाटाव्यात असे दिवस येतात, टँकरचे, तेव्हा माशांची संख्या कमी करायची, गप्पी वाटून टाकायचे. वाटायचे म्हणजे ज्याच्याकडे हौद आहे त्याला द्यायचे, कॅनॉलमध्ये किंवा तळ्यात सोडायचे नाहीत, गप्पी काय नि कोई काय, बाहेर गेले की तिथल्या माशांचं खाणं आणि अंडी फस्त करतात. कोई तर तसेही पुढे दीड-दोन फुटांचे होतात, चार कोई या हौदात फार वर्षं मावणार नाहीत, हे मामांना आत्ताच कळलेलं बरं.

पाऊस आला की हे सगळं सुटतं, एक इंच पावसाला नुसत्या हौदात १४० लिटर पडतं, आणि ५०० चौरस फुटांच्या पत्र्याच्या पागोळ्या हौदाकडे वळवल्या तर एका इंचात अकराशे-बाराशे लिटर. पहिला पाऊस मात्र बाहेर सोडून द्यायचा, पत्र्यावरची उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावून ठेव, नाहीतर गप्पी अंगणात.

मामांना काय सांगू हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते दिसलं. खुर्ची काढू नका त्यांची. एक वही द्या, हौदाच्या आतल्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा करून द्या, रोज सकाळी सातला पातळी, पिंपातलं पाणी किती घातलं, मासे वर येतायत का, एवढं लिहायचं. तशी वही असेल तर पुढच्या वेळी प्लंबरलाही तेच गप्प करतील.

बादलीची टेस्ट या रविवारी कारंजं बंद ठेवून आणि सोमवारी चालू ठेवून करा, आणि दोन्ही दिवसांचे आकडे मला कळव, बादलीचा वेगळा, हौदाचा वेगळा.